डावी रिकीब

गेल्या रविवारी नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या घरून निघताना व्हरांड्याच्या तीन पायऱ्यांवर ते झालं. झालं म्हणजे तसं काहीच नाही. मी एक पायरी खाली उतरले होते, ती वरच होती, आणि तिने हात पुढे केला. मी वळूनही न पाहता म्हणाले, "अगं, चालते मी आता." हात क्षणभर हवेत राहिला. मग त्याच हाताने तिने खांबावरच्या जाईचं एक वाळकं पान खुडलं, पान खुडायलाच हात निघाला होता असं दाखवत. "सावकाश जा, गांधीसागर तलावापाशी खोदून ठेवलंय," एवढं म्हणाली. मी स्कूटर काढली. तलाव आला, खोदलेला रस्ता आला, बर्डी मागे पडली, पण ते वाळकं पान काही डोक्यातून जाईना.

तिचं नाव इथे लिहिलं तर ती मला सोडणार नाही. शाळेत गणित शिकवते, म्हणून आमच्या टोळक्यात ती गणितवाली. दुसरा इतवारीवाला, त्याचं किराण्याचं होलसेलचं दुकान आहे आणि त्याला दर गोष्टीचा भाव माहीत असतो. तिसरी पागेतली एकोणीस वर्षांची पोरगी, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकते आणि माझ्यापेक्षा दसपट चांगली स्वार आहे. या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. माझा खुबा मोडला आणि तो जुळून आला.

मी चौतिसाव्या वर्षी घोड्यावर बसायला लागले. त्या वयात बायका योगाच्या वर्गाला नाव घालतात. मी काटोल रोडकडच्या एका पागेत घातलं. का, याचं धड उत्तर मला अजून देता येत नाही. घोडा माझा नाही, पागेचा. भोसल्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत: स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. 1740 च्या दशकात नागपूरची फौज बंगालवर चालून जायची, तेव्हा तिकडच्या लोकांनी याच बारगीरचं 'बर्गी' केलं आणि पोरांना झोपवताना त्याची भीती घालायला लागले. इतवारीवाल्याला हे कुठून तरी कळलं, तेव्हापासून मी बारगीर. "तोही महिन्याची फी भरून बसणारा," हे तो न विसरता जोडतो.

2023 च्या ऑगस्टमधला शेवटचा रविवार. रात्रभर पाऊस होऊन गेलेला, रिंगणातली माती वरून सुकल्यासारखी आणि आतून लोणी. घोडी सुपारी; रंगाने नावासारखीच, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. डावीकडच्या वळणावर कँटरमध्ये, म्हणजे मध्यम दौडीत, तिचे मागचे पाय सरकले आणि ती माझ्यासकट डाव्या कुशीवर आली. लोक अजून विचारतात, "घोडीनं फेकलं का?" नाही हो, घोडी पडली, मी तिच्याबरोबर पडले. पण हे कोणाला ऐकायचं नसतं. घोडीने फेकलं, यात गोष्ट आहे. दोघी घसरल्या, यात नुसता चिखल आहे. चार-साडेचार क्विंटलचं जनावर आणि ओली जमीन यांच्यामध्ये माझा डावा खुबा होता. वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. सुपारी धडपडत उठली, दहा पावलं गेली, थांबली, आणि परत येऊन माझ्या केसांशी नाक आणून फुरफुरली. गरम वाफ आणि भिजल्या हरभऱ्याचा वास. मी सगळ्यात आधी "तिचा पाय ठीक आहे ना?" असं विचारलं म्हणे. मला आठवतं ते वेगळंच. सईस धावत आला आणि त्याने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. नुकताच भरलेला, अख्खा. सात वर्षांत मी त्याला असं करताना पाहिलं नव्हतं. तेव्हा कळलं की प्रकरण साधं नाही.

मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो ती वाटी तडकली होती, पुढच्या बाजूलाही दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. पट्टी बसवली, स्क्रू बसवले, आणि बारा आठवडे डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावून घरी पाठवलं. एक्स-रेवर त्या पट्टीकडे बघून इतवारीवाला म्हणाला, "नाल ठोकला की बे तुले."

घरी म्हणजे अंबाझरी लेआउटमधल्या माझ्या तळमजल्यावर. मी एकटी राहते. आई भावाकडे पुण्याला, आणि तिचे गुडघे असे की तिनेच कोणाच्या तरी आधाराने चालावं. गणितवालीने एक्सेलमध्ये तक्ता केला. उभ्या रकान्यात वार, आडव्यात कामं. सकाळचा चहा, स्पंजिंग, इंजेक्शन, व्यायाम, केस. एका रकान्यावर नुसता 'भांडं' असा मथळा होता. बेडपॅन हा शब्द तिला लिहववला नाही. एकदा तिच्या मोबाइलवर तो तक्ता पाहिला आणि मला पहिल्यांदा, दुखण्यापायी नव्हे, नुसत्या लाजेने रडू आलं. आपण एका तक्त्यात मावतो, आणि तोही दोन रंगांत.

मदत घेणं मला जमलं नाही, हे कबूल करते. दुखणं जमलं. दुखण्यात आपण आणि ते, दोघंच असतो. पण सकाळी सात वाजता कोणी तरी आपल्या स्वयंपाकघरात डबे उघडत असतं, आपल्या कढईत पोहे परतत असतं, आणि कशावरून तरी दोघं-तिघं हसतात. आपल्याला ऐकू येतं, कळत नाही. धन्याची पूड त्या दिवसांत तिखटाच्या डब्यात गेली ती अजून तिथेच आहे. मी उठत-बसत आभार मानायचे, आणि पाठ वळली की मनात चिडायचे. गणितवाली उशी दोन बोटं जास्त वर लावायची. पोरगी पाय उचलताना सुपारीशी बोलते त्याच आवाजात "हां, हां, शाब्बास" म्हणायची. इतवारीवाल्याने आणलेला वॉकर किती स्वस्तात मिळाला हे त्याने आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितलं. आणि यातलं एकही माणूस एक दिवस आलं नाही तर मी दाराकडे बघत पडलेली असायचे.

तान्ह्या पोळ्याला शेजारची पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आली. मी पलंगावरूनच दहा-दहाच्या नोटा वाटल्या. एकाने बैलाची दोरी ओढत ओढत थेट पलंगापाशी आणली आणि माझ्या पायाकडे बघून विचारलं, "काकू, तुमचा घोडा लाकडाचा का नाही घेतला?" उत्तर नव्हतं. त्याला दहा रुपये जास्त दिले.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात पूर आला.

त्या रात्रीबद्दल नागपूरकराला मी काय सांगणार. 23 सप्टेंबरची पहाट, काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीने रस्ते सोडून घरं धरली. ज्याच्या-त्याच्या घरात पाण्याच्या पातळीची एकेक रेघ आहे आणि ज्याची-त्याची एकेक गोष्ट. माझी सुरू होते ती आवाजापासून. फ्रिजची घरघर थांबली म्हणून जाग आली. मग काही तरी टप-टप पलंगाच्या पायावर आपटत होतं. मोबाइलचा उजेड खाली टाकला तर माझ्या स्लिपर तरंगत होत्या, आणि त्यांच्या मागून संथपणे, कोणाची तरी वरात निघाल्यासारखं, आमचं ते 'भांडं' दाराकडे चाललं होतं. शुक्रवारची पाळी गणितवालीची. ती जमिनीवर गादी टाकून झोपायची. मी हाक मारली तेव्हा ती उठून बसलेलीच होती, पाठ भिजलेली, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "फाइल कुठाय तुझी? एक्स-रेची?"

वरच्या मजल्यावरचा घरमालकांचा मुलगा खाली आला तोवर पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत मला बसवलं, जास्त वाकायचं नाही म्हणून मागे रेलून, डावा पाय उशीवर, फाइल पोटाशी. मुलाने पुढचे पाय धरले, हिने पाठ धरली आणि ती उलटी, पाठमोरी, जिना चढायला लागली. जिना बाहेरून, ओला, कठडा एकाच बाजूला. मला फक्त तिची हनुवटी दिसत होती, खालून. तिच्या नाकावरून पाणी ओघळून माझ्या कपाळावर पडत होतं, एकाच जागी, देवळातल्या अभिषेकासारखं. ती मोजत होती. एक. दोन. तीन. वर्गात पाढे म्हणून घेतात त्याच सुरात. अकराव्या पायरीला तिचा आकडा अडला. काही तरी झालं, तिचा श्वास मधेच तुटल्यासारखा झाला, खुर्ची एका बाजूला कलली. "काय गं?" मी. "काही नाही. अकरा झाले ना?" मुलगा खालून म्हणाला, "हो ताई." "मग बारा," ती म्हणाली. असे सतरा.

त्या अकराव्या पायरीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला वाटलं पाय घसरला.

नंतर आठवडाभर मी वरच, घरमालकांच्या दिवाणावर. खाली हे तिघं चिखल काढत होते. तो चिखल घरातून महिनाभर गेला नाही. वासाने तर दिवाळीपर्यंत मुक्काम केला. 26 तारखेला पोरीचा फोन, नुसती किंचाळी. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घ्यायच्या खेळाच्या, संघाला सुवर्ण मिळालं होतं. घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं सुवर्ण. चौघांच्या संघात दोन मुली, त्यातली सुदीप्ती हाजेला इंदूरची, म्हणजे आपल्या शेजारची. मी फोनवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. घोडा तिरका चालतोय, पाय एकमेकांवरून टाकत, आणि वरची मुलगी काहीच करत नाहीय असं दिसतंय. गणितवाली कोपरापर्यंत चिखल घेऊन वर आली, माझ्या खांद्यावरून बघितलं. "सुंदर आहे गं," म्हणाली. मनापासून. मग हात धुवायला वळता वळता, "पण तू आता नाही हं."

हे ते कलम. मदतीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं. इतवारीवाल्याचंही तेच, आईचं तेच, चहा आणून देणाऱ्या घरमालकीणबाईंचंसुद्धा तेच. ज्यांनी मला उचललं त्या सगळ्यांना वाटत होतं की मी पुन्हा पडू नये, हे मागायचा त्यांना हक्क आहे. आणि खरंच होता. म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं.

एकटी पोरगी काही म्हणाली नाही. तिने उलट एक दिवस लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. डेन्मार्कची स्वार. 1944 मध्ये, पोटात मूल असताना, पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय गेले ते गेलेच. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजला पहिल्यांदाच बायकांना उतरू दिलं आणि पुरुषांच्या बरोबरीने खेळून हिने रौप्य मिळवलं. तिला घोड्यावर चढायला आणि उतरायला माणूस लागायचा. पदकाच्या चौथऱ्यावर चढायला सुवर्ण मिळवणाऱ्या स्वीडिश स्वाराने हात दिला. पोरगी हे सांगताना डोळे मोठे करत होती, मला उमेद यावी म्हणून. मी मात्र पडल्या पडल्या भलतंच धरून बसले: रोज सकाळी तिला चढवणारं कोण असेल? पावसात, थंडीत, पदक नसलेल्या दिवशी. त्याची पाठ दुखत नसेल?

वॉकर सुटला, काठी आली, काठी सुटली. मार्चपर्यंत फुटाळा तलावाच्या कडेने अर्धा तास चालायला लागले. पहिल्या दिवशी चालणं झाल्यावर इतवारीवाल्याने तर्री पोहे खायला नेलं आणि तर्री इतकी वाढून घेतली की पोहे पोहायला लागले. नंतर आपला उन्हाळा. उन्हाळ्यात कूलरसमोर टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घालून दाबत बसण्यापलीकडे माणूस काय करणार. पावसाळ्यात पागेत जायला लागले, नुसती. खरारा करायचा, नाल बघायचे, गूळ द्यायचा. सुपारीने मला ओळखलं का, ठाऊक नाही, गुळाला ओळखलं. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय, बसायला हरकत नाही, पडू मात्र नका. हे घोड्यालाही सांगायला हवं होतं. मी गणितवालीला फोन करून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि अकरा दिवस बोलली नाही.

आता अडचण अशी की घोड्यावर डावीकडून चढतात. जगभर. तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून म्हणतात. डावा पाय रिकिबीत, सगळा भार त्या एका पायावर, आणि उजवा वरून पलीकडे. माझा डावा खुबा हे एवढंच सोडून बाकी सगळं करायला तयार होता. मग उजवीकडून चढायचं. पण घोडीला हे कोण सांगणार? जन्मभर जी गोष्ट एका बाजूने झाली ती दुसऱ्या बाजूने व्हायला लागली की जनावर बिचकतं. सईसने तीन आठवडे घेतले. रोज उजवीकडे स्टूल ठेवायचं, त्यावर उभं राहायचं, खोगिरावर हात थोपटायचा, उतरायचं, गूळ. दुसऱ्या आठवड्यात खोगिरावर पोट टेकून पडायचं, उतरायचं, गूळ. "बाई, तुमच्यापायी घोडी डावखुरी झाली," तो म्हणायचा. आणि उजवीकडून भार आला की खोगीर त्या बाजूला सरकतं, म्हणून पलीकडून, डाव्या रिकिबीवर, कोणी तरी हाताने वजन देऊन धरून ठेवावं लागतं.

डिसेंबरमधल्या त्या सकाळी धुकं होतं. पोरगी येणार होती रिकीब धरायला; तिची नेमकी प्रॅक्टिकल निघाली. सईस लगाम धरून पुढे. मी स्टुलावर उभी, आणि फाटकातून रिक्षा आत आली. गणितवाली. घोड्याला इतकी घाबरते की लग्नात नवरदेवाच्या घोडीपासून चार हात लांब चालते. तिने कोणाला काही विचारलं नाही. सईसने दाखवलं तिथे जाऊन उभी राहिली. मला पलीकडचं काही दिसत नव्हतं, मध्ये घोडी. फक्त पोटाखालून तिच्या चपला दिसत होत्या, चिखलात, अंगठे आवळलेले. "धरलं का?" मी. "धरलंय. तू चढ." खोगिरावर उजव्या बाजूचा भार टाकला आणि ते तसूभर हललं नाही. डावा पाय वरून पलीकडे गेला. मी बसले. पंधरा महिन्यांनी दोन कानांमधून जग दिसलं.

आणि मग मी डावीकडे खाली पाहिलं. ती दोन्ही हातांनी रिकिबीला लोंबकळल्यासारखी, डोळे गच्च मिटून. हात वर गेल्याने कुर्ता वर सरकला होता. खाली कमरेचा पट्टा. काळा, रुंद, डॉक्टरी. कडेचं वेल्क्रो धुऊन धुऊन लव गेलेलं. असला पट्टा महिन्या-दोन महिन्यांत असा होत नाही.

"हे कधीपासून?" तिने डोळे उघडले, कुर्ता खाली ओढला. "जुनं आहे. तू समोर बघ बरं."

इतवारीवाल्याकडून काढून घ्यायला मला दोन दिवस लागले. पुराच्या रात्रीपासून. मणका सरकलाय, ऑपरेशनची गरज नाही, वजन उचलायचं नाही. म्हणजे ती चिखल काढत होती तेव्हा. तक्त्यात माझ्या स्पंजिंगपुढे स्वतःचं नाव घालत होती तेव्हा. त्याला आधीपासून माहीत होतं. पोरीला माहीत होतं. डाव्या रिकिबीच्या बाजूला काय चाललंय ते चढणाऱ्याला दिसत नाही, एवढंच.

मी तिच्याशी यावर बोलले नाही. ती बोलू देत नाही. पायऱ्यांचा विषय निघाला की तिला लगेच दहावीचे पेपर तपासायचे असतात. आणि माणूस इतकं विसराळू असतं की पट्ट्याचं कळल्यावरही, गेल्या रविवारी, तिने हात पुढे केल्यावर मी म्हणाले, चालते मी आता. हात द्यायलाच पुढे आला असं धरून. दीड-दोन वर्षं माझ्याकडे येणारा प्रत्येक हात माझ्यासाठीच असायचा. सवय लागली त्याची.

त्या रात्री फोन केला. "दुपारी हात कशाला पुढे केला होतास?" "कधी?" "निघताना. पायरीवर." ती खरंच विचार करत होती. "आठवत नाही बुवा. अगं, ते जाऊ दे, तू लोणच्याची बरणी विसरलीस."

काल बरणी आणायला गेले. चहा झाला, निघाले. जाईचा वेल तसाच. मी पायऱ्या उतरले, सगळ्यात खालच्या पायरीपाशी बसकण मारली आणि डाव्या सँडलचा पट्टा लावायला लागले. खुबा कुरकुरला. वरून तिची पावलं आली, थांबली. मग माझ्या खांद्यावर हात पडला, चांगला वजनदार, आणि तिच्या तीन पायऱ्या एकेक करून उतरून झाल्या. हात उचलला गेला तरी मी आपली पट्टा लावतच होते.

"पट्टा कुठाय बे तुझ्या सँडलला?" ती म्हणाली.